एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे

२ नोव्हेंबर

आज हिचं कपाट आवरायला काढलं आणि नेहमीप्रमाणे खालच्या कप्प्यापाशी थांबलो. तिथे बाटली आडवी झोपलेली असते. हिच्या तपकिरी स्वेटरमध्ये गुंडाळलेली, बाह्यांची गाठ मारलेली, दुपट्यातल्या बाळासारखी. ती गाठ पहिल्यांदा हिनेच मारली होती. ही जाऊन पाच वर्षं झाली. गाठ मारायची पद्धत तीच राहिली.

बाटली बारोलो नावाच्या लाल वाइनची. इटलीच्या सहलीत आम्ही चौघांनी मिळून घेतलेली. मी, ही, हिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू. तळघरातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने दोन्ही हातांची बोटं दोनदा पसरून दाखवली. वीस वर्षं हात लावायचा नाही. साडू म्हणाला, "तोवर आपल्यालाच गाळून घ्यावं लागेल." घरी आल्यावर प्रश्न पडला, ठेवायची कुणाकडे? बहिणींनी आम्हाला न विचारता निकाल लावून टाकला. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ज्याची पाळी त्याने येऊन न्यायची.

सहलीपासून मोजलं. वीस झाली की! यंदा डिसेंबरात ती साडूकडे जाईल. त्याआधी कुणा जाणकाराला विचारायला हवं.

६ नोव्हेंबर

वाइनच्या दुकानात जाऊन आलो. मी वर्षातून दोनदा घोटभर घेणारा माणूस, त्यामुळे दारातच जरा बिचकलो. दुकान एक बाई चालवतात. चाळिशीच्या असतील, चष्मा साखळीने गळ्यात. मोबाइलमधला बाटलीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, लेबल वाचलं, गळ्यापर्यंत वाइन किती आहे ते पाहिलं.

"काका, ही आत्ता प्यायची."

"आत्ता म्हणजे?"

"म्हणजे या हिवाळ्यात. जितकी चढायची तितकी चढलीय ती. आता वरच आहे."

मी म्हणालो, "मी लिफ्ट तपासनीस होतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर पोचली की दार उघडावं लागतं. नाहीतर कुणीतरी खालून बटण दाबतंच."

बाई हसल्या. "अगदी तसंच. ही पण धाडकन खाली येणार नाही. हळूहळू उतरेल. आधी वास कमी होईल, मग चव पातळ होत जाईल. एक दिवस उघडाल तेव्हा नुसतं आंबट पाणी असेल."

संध्याकाळी साडूला फोन केला. सांगायचं एवढंच होतं की बाई आत्ता प्या म्हणतात. पण तोंडातून भलतंच निघालं.

"दुकानात विचारलं. अजून दोन वर्षं ठेवा म्हणतात."

साडू म्हणाला, "मीही चौकशी केली होती. मला तर तीन सांगितली."

"तीन?"

"निदान तीन."

"बरं."

"बरं, साडूभाऊ."

फोन संपला. मी असं का बोललो कळत नाही. खोटं बोलायची मला सवय नाही. नोकरीत एकाही नादुरुस्त लिफ्टला मी ठीक म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर

काही विशेष नाही. डावा गुडघा कुरकुरतोय.

१२ नोव्हेंबर

पुन्हा दुकानात गेलो. एक शंका मनात घर करून होती. बाई एकट्याच खोकी उघडत बसल्या होत्या.

"ती आत्ता जिथे आहे तिथेच आणखी दोन वर्षं थांबवायचा काही उपाय? थंडीत ठेवून वगैरे?"

बाईंनी कात्री खाली ठेवली. "थांबवता येत नाही, काका. पिता येते."

मी निघायला वळलो तर मागून म्हणाल्या, "तुमच्याकडे दोन आहेत का हो? कारण गेल्या महिन्यात आणखी एक काका आले होते. सेम बाटलीचा फोटो. मागे तोच तपकिरी स्वेटर."

"उंच? बोलताना हनुवटी पुढे काढतात?"

"हो, आणि माझे दात बघत होते."

साडूच. आयुष्यभर दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवल्या त्याने. समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या आधी तोंडात बघतो. आमच्या घरात सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, ही सोडून. ही त्याला सरळ 'कवळीवाले' म्हणायची आणि त्याला तेच जास्त आवडायचं.

"त्यांना काय सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं तेच. या हिवाळ्यात प्या."

म्हणजे त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने मला तीन वर्षं सांगितली. आणि डिसेंबरात बाटली जाणार त्याच्याकडे! सगळा डाव लक्षात आला. मला तीन वर्षं गप्प बसवायचं आणि तिकडे हिवाळ्यात नवरा-बायकोने दार लावून ती उघडायची.

मीही खोटं बोललो हे खरं. पण माझं वेगळं होतं. नेमकं कसं वेगळं ते आत्ता सुचत नाही, पण होतं.

बाईंकडून एक थर्माकोलचा डबा घेतला, बाटली हलू नये असा, आत नीट खाचा असलेला. द्यायचीच वेळ आली तर कायदेशीर द्यावी.

१६ नोव्हेंबर

दुपारभर विचार करत बसलो. साडू तसा माणूस आहे का? मला त्याच्याबद्दल फारसं काही सांगताच येत नाही, हे पाहून नवल वाटलं. तीस-पस्तीस वर्षांची ओळख. पण बोलायच्या त्या दोघी. फोनवर तास, भेटल्यावर सगळा दिवस, निरोप घेताना दारात आणखी अर्धा तास. आम्ही दोघं बाजूला बसायचो. तो पेपराची आतली पानं वाचायचा, मी बाहेरची. मग अदलाबदल.

ही गेल्यानंतर येण्याजाण्याचं कारणच उरलं नाही. बाटली तेवढी राहिली. त्याची पाळी असली की तो रविवारी दहाला येतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. चहा होतो. बाटली उजेडाकडे धरून म्हणतो, "गाळ छान बसलाय." मग गुडघ्यांचं बोलणं होतं. मग बाह्यांची गाठ पुन्हा पक्की करून, बाटली काखेत घेऊन तो जातो. मागच्या खेपेला त्याचा पाय निघत नव्हता. चहा तीनदा टाकावा लागला. दूध संपलं, तेव्हा काळा चहा पण प्याला. त्यालाही घरी काही काम नसावं. तो दिवस बरा गेला होता, हे मात्र कबूल करायला हवं.

धाकटी येत नाही. ही गेल्यापासून तिने या घरात पाऊल ठेवलेलं नाही. जिने चढवत नाहीत म्हणते. इमारतीला लिफ्ट आहे आणि ती उत्तम चालते, माझी खात्री आहे. माझी पाळी असते तेव्हा मी त्यांच्याकडे जातो. ती चहा आणून ठेवते, कसे आहात विचारते आणि आत जाते. बाटली साडूच आणून देतो.

एक मात्र खरं, तो वस्तू जपतो. दरवेळी स्वेटर परत येतो तो आधीपेक्षा बरा होऊन. एकदा तुटलेलं बटण लावून आला. एकदा कोपराला रफू. दात बसवणाऱ्या माणसाचा हात, बटण काय आणि दाढ काय. असा माणूस चोरून वाइन पिईल?

पिईलही. वाइनचं सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर

धाकटीचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही.

"भाऊजी, रविवार लक्षात आहे ना? यंदा आमची पाळी."

"आहे की."

"हे दहाला येतील. बाटली तयार ठेवा. गुंडाळून."

"अगं, गुंडाळायची भानगड यंदा नाही. मी डबा आणलाय. एकदम पक्का. बाटली तसूभर हलणार नाही. स्वेटर कशाला उगाच इकडून तिकडे?"

लाइन तुटली वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डबा आणला हे आवडलेलं दिसत नाही. म्हणजे तीही सामील आहे. डब्यातून नेलं की सगळं कसं मोजूनमापून, पुन्हा परत करायचं बंधन आलं. असं काहीतरी असणार.

२७ नोव्हेंबर

साडूचा फोन.

"साडूभाऊ, आमची ही म्हणते, यंदा बाटली नको. तुमच्याकडेच राहू दे."

मी उभाच राहिलो. दोन आठवडे मनात रचलेलं सगळं एका वाक्यात कोसळलं. ज्याला चोरून प्यायची आहे तो नको म्हणेल?

"का बरं?"

"काही बोलत नाही. तुमच्याशी फोनवर बोलली तेव्हापासून गप्प आहे. काल भाजी दोनदा खारट केली. मी दोनदा छान म्हटलं."

"म्हणजे रविवारी तुम्ही येणार नाही?"

"बाटली न्यायची नाही, तर कशाला येऊ?"

"हो. कशाला."

"हो ना."

दोघांनीही फोन ठेवला नाही. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्याने ठेवला.

२८ नोव्हेंबर

काही नाही. रविवारसाठी जास्तीचं दूध सांगून ठेवलं होतं, ते नको म्हणून सांगायला खाली गेलो आणि न सांगताच वर आलो.

३० नोव्हेंबर

आज बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि समोर बसलो. ठरवलं. नादुरुस्त लिफ्टवर नोटीस लावायची असते. नाहीतर माणसं उगाच बटण दाबत उभी राहतात.

फोन केला.

"डॉक्टर, मी तुमच्याशी खोटं बोललो. दोन वर्षं ठेवा असं कुणी म्हणालं नव्हतं. बाई म्हणाल्या, या हिवाळ्यात प्या."

"मलाही तेच म्हणाल्या."

"ते कळलंय मला. मग तीन का सांगितलीत?"

"तुम्ही दोन म्हणालात म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"तुम्ही एक म्हणाला असतात तर मी दोन म्हणालो असतो." त्याचा आवाज जरासा घोगरा होता. सर्दी असावी. "थांबा हं, गॅस बंद करून येतो."

तो परत येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो. गॅस बंद करायला इतका वेळ लागत नाही.

"या रविवारी या," मी म्हणालो. "दोघं या. उघडू आपण. ती आता वर पोचलीय, डॉक्टर. दार उघडायला हवं."

"आणि मग?"

"मग काय? पिऊ."

"तसं नाही." तो पुढे बोलला नाही. मग म्हणाला, "विचारतो हिला."

४ डिसेंबर

बाईंना विचारून बाटली उभी केली आहे. गाळ तळाशी बसायला दोन दिवस लागतात. स्वेटर सोडवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो रिकामा पाहायची सवय नाही. डबा माळ्यावर टाकला.

धाकटी येणार की नाही, साडूने कळवलेलं नाही.

६ डिसेंबर, रविवार

धाकटी आली.

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी आतूनच ओळखलं की दोन माणसं आहेत. ती दारात जरा थांबली, मग आत आली आणि सरळ खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली. स्वेटरवर हात ठेवला. मग त्याच खुर्चीत बसली, पण पाठ टेकली नाही.

"जिना चढून आलीस?" मी विचारलं.

"लिफ्टने, भाऊजी. चालते की तुमची लिफ्ट," ती म्हणाली. पाच वर्षांत तिने माझी पहिल्यांदा टिंगल केली.

मी तीन ग्लास काढले होते. तिने मोजले.

उघडताना घोळ झाला. मी बूच उपसायला गेलो आणि ते अर्ध्यात तुटलं. वीस वर्षांचं बूच, पावासारखं भुसभुशीत. अर्धं हातात, अर्धं गळ्यात. म्हटलं, आता हे आत पडणार आणि सगळं वाया जाणार.

"हात काढा," साडू म्हणाला. खिशातून एक पातळ पाकीट काढलं. आत त्याची हत्यारं. कवळीचं मेण कोरायची आकडी घेऊन ती बुचाच्या कडेने अलगद खाली सरकवली.

"घरून घेऊन आलात?"

"जुनं बूच कुजक्या दाढेसारखं असतं. ओढायचं नाही. समजूत घालायची." आणि खरंच, हनुवटी पुढे काढून, पुटपुटत, त्याने ते तुकड्या-तुकड्याने वर आणलं. एक कणसुद्धा आत पडू दिला नाही.

"भूल दिलीत का?" धाकटी म्हणाली.

मग वाइन काचेच्या जगमध्ये ओतायची होती, गाळ मागे ठेवून. माझी जुनी टॉर्च मी बाटलीच्या गळ्याखाली धरली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर बघायला वापरायचो तीच. साडू ओतत होता. दोघांचे चेहरे एका वितीवर. त्याचा हात जराही हलत नव्हता. उजेडात वाइन सरकत गेली, विटेच्या रंगाची, कडेला जरा नारिंगी. शेवटी एक काळी रेघ गळ्याशी आली तसं मी म्हणालो, "बस!" आणि त्याच क्षणी त्याने बाटली सरळ केली. इतकी वर्षं आम्ही शेजारी नुसते बसलो, मिळून काम असं कधी केलंच नव्हतं.

पहिला घोट घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीच नाही. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीसारखा वास, जिभेवर तुरट.

"उतरली वाटतं," साडू हळूच म्हणाला.

"बाई म्हणाल्या होत्या, तासभर हवा लागू द्या."

म्हणून बसलो. पेपर समोर होता. साडूने सवयीने आतली पानं घेतली, मला बाहेरची दिली. धाकटी म्हणाली, "शाबास. तशीच ध्यानं आहेत अजून दोन्ही." मग आम्ही पेपर ठेवला.

तासाभराने पुन्हा ग्लास उचलला. कसं लिहावं? त्याच ग्लासात दुसरीच वाइन होती. तुरटपणा कुठे विरघळून गेला होता. जिभेवर पातळ वाटते, पण गिळल्यावरही जात नाही, बराच वेळ रेंगाळते. वासात सुकलेला गुलाब होता. मागे किंचित डांबर. साडू म्हणाला, लाकडाचा भुसा. मी म्हटलं, पावसाळ्यातली माती. आम्ही दोघं ग्लासात नाक घालून वाद घालत होतो.

धाकटी बराच वेळ नुसती वास घेत होती. मग म्हणाली, "ताईची पर्स."

साडूने नाक ग्लासातून बाहेर काढलं.

"ती काळी, चामड्याची. आत ज्येष्ठमधाच्या गोळ्या असायच्या, खोकल्याच्या. आणि फुलं. कुणी गुलाब दिला की ती टाकायची नाही, पर्समध्ये ठेवायची. वाळून चुरा झाला तरी. लहानपणी मी गोळी चोरायला पर्स उघडायचे तेव्हा हाच वास यायचा."

मी पुन्हा वास घेतला. चामडं, ज्येष्ठमध, वाळलेला गुलाब. पर्सच होती. ती पर्स मी हजार वेळा हातात धरली असेल, दुकानांच्या बाहेर, ही आत असताना. कधी उघडली नाही. पण वास ओळखीचा होता.

"तिच्याशिवाय पितोय आपण," धाकटी म्हणाली.

साडूने जग उजेडाकडे धरला. "चौघांत वाटली असती तर एवढी आली नसती वाट्याला." बोलल्यावर त्याच्याच लक्षात आलं आणि तो लाल झाला. मला वाटलं, आता धाकटी रडणार. पण ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, तेही खुर्चीच्या पाठीवरच्या बाहीला. "हेच ताई म्हणाली असती, कवळीवाले," ती म्हणाली.

सावकाश प्यालो. अजिबात घाई केली नाही. शेवटचा घोट सगळ्यांत चांगला होता. मग जग रिकामा झाला. साडू आकडी पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

धाकटी उठली. "भाऊजी, यंदा पाळी आमची होती."

"अगं, पण संपली की बाटली."

"बाटली कोण मागतंय?"

तिने खुर्चीवरून स्वेटर उचलला. रिकामी बाटली, तळाशी गाळ तसाच, त्यात ठेवली, गुंडाळली, बाह्यांची गाठ मारली. हिची गाठ. हुबेहूब. तेव्हा कोपरावरचं रफू माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि त्याच लोकरीची शाल धाकटीच्या खांद्यावर दिसली. ते काम साडूचं नव्हतं. दर एक वर्षाआड तिच्या घरी जात होता तो ताईचा स्वेटर, आणि मी त्याच्या जागी थर्माकोलचा डबा आणून ठेवला होता.

"पुढच्या डिसेंबरात न्यायला या," ती म्हणाली. "पहिला रविवार. विसरू नका."

"आणि स्वेटर धुऊ नकोस," मी म्हणालो.

"वेडे आहात का, भाऊजी?"

लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो. साडूने बाटली काखेत घेतली होती. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. मी तिथेच आकडे बघत उभा राहिलो, तळमजला येईपर्यंत.

९ डिसेंबर

साडूचा फोन आला. त्याची आकडी माझ्याकडे राहिली म्हणे. शोधली तर टेबलावर काचेच्या जगमागे होती. घ्यायला येतो म्हणाला, लगेच. आला. चहा झाला, मग दुसरा झाला. पेपर वाचला, गुडघ्यांचं बोलणं झालं, दुकानातल्या बाईंच्या पुढच्या दाताला टोपी लागणार असं निदान झालं. जेवायच्या वेळेला गेला.

तो गेल्यावर पाहिलं, तर आकडी टेबलावरच. ज्यासाठी आला तेच विसरला. वय झालं बिचाऱ्याचं. फोन करून कळवायला हवं. उद्या करीन. तोवर हरवायला नको म्हणून आकडी हिच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, बाटलीच्या जागी आडवी ठेवली आहे. आणि दूध जास्तीचं चालू ठेवायला सांगितलं आहे.